एकाच बाजूची चूक

मी पट्टी बोलतेय. दप्तरातली नव्हे, आणि मास्तरांच्या हातातली तर मुळीच नव्हे. मी सुताराच्या दुकानातली पट्टी. अ‍ॅल्युमिनियमची, दारापेक्षा थोडी जास्त लांब, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली. येणारी गिऱ्हाइकं मला पडद्याचा रॉड समजतात. एका बाईंनी तर असलाच अजून एक मिळेल का म्हणून विचारलंही होतं.

खरं म्हणजे मी रूळ आहे. माझ्या पाठीवर एक उंचवटा आहे, त्याच्यावर एक मशीन बसतं. मशीनच्या पोटात गोल दातेरी पातं असतं. मशीन माझ्या पाठीवरून पळतं आणि पातं माझ्या कडेलगत लाकूड कापत जातं. त्या मशीनला सगळे ट्रॅक सॉ म्हणतात. मला कुणी काहीच म्हणत नाही. आवाज तिचा, भुसा तिचा, कौतुक तिचं. मी तिला मशीनबाई म्हणते. आमचं नातं जावांसारखं आहे. एकीशिवाय दुसरीचं पान हलत नाही, पण ते कबूल कुणी करायचं?

माझा जन्म एका कारखान्यातला. तापून मऊ झालेला धातू साच्यातून ढकलला, नळीतून टूथपेस्ट यावी तशी मी बाहेर आले. मग मला ताणून सरळ केलं, कापलं, पोटाखाली फोमच्या दोन पट्ट्या चिकटवल्या. त्या पट्ट्यांमुळे मी फळीवर ठेवली की सरकत नाही. शेवटी एका बाजूला काळ्या रबराची कड लावली. तेव्हा मला ती कड म्हणजे साडीचे काठ वाटले होते, नुसती शोभा. पुढे माझं सगळं आयुष्य त्या कडेवरच उभं राहणार होतं, हे कुठे ठाऊक होतं.

माझा स्वभाव सरळ आहे. तसा तो असायलाच हवा, नाहीतर मला कोण विचारणार? म्हणून आडपडदा न ठेवता सांगते. ही गोष्ट माझी कमी आणि दादाची जास्त आहे.

दुकान दोघा भावांचं होतं. पत्र्याचं छप्पर, एका बाजूला सायकल दुरुस्तीवाला, दुसऱ्या बाजूला इस्त्रीवाली. थोरल्या भावाला अख्खी गल्ली दादा म्हणायची, म्हणून मीही दादाच म्हणते. दादाला केसभर फरक खपत नसे. कुणाच्या घरी पाहुणा म्हणून गेला तरी आधी दाराच्या फटी बघायचा आणि मग माणसांकडे वळायचा. त्याची बायको, म्हणजे वहिनी, हसून सांगायच्या, "लग्न ठरल्यावर पहिल्यांदा आमच्या घरी आले, तर माझ्याशी एक शब्द नाही. खिडकीची चौकट बघत बसले. माझ्या बाबांना वाटलं, मुलगी पसंत नाही वाटतं."

धाकटा अगदी उलट. हातानं चांगला, पण जीभ त्याहून चांगली. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून तो वाटेल ते बोलायचा. टेबलाचं लाकूड अजून झाडावर असलं तरी गिऱ्हाइकाला सांगायचा, "पॉलिश सुरू आहे बघा." गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. दादा नुसता मान हलवायचा. पण दोघांचं एकमेकांवर प्रेम फार. दादानं धाकट्याला बोट धरून हे काम शिकवलं होतं, आणि धाकटा दादापुढे कधी आवाज चढवत नसे.

मी या दुकानात आले त्याचं कारण दादाचा उजवा हात. तो थरथरायला लागला होता. आधी चहाचा कप बशीवर वाजायला लागला. मग साध्या कटरनं प्लायवूड कापताना रेघ नागमोडी जायला लागली. दादा ते लपवायचा. कप दोन्ही हातांनी धरायचा, नागमोडी कड रंध्यानं सारखी करायचा, आणि उशीर का झाला म्हणून विचारलं तर प्लायवूडला शिव्या घालायचा. पण घरच्या माणसांपासून काय लपतं? वहिनींनी धाकट्याच्या कानावर घातलं आणि एक दिवस धाकटा मला आणि मशीनबाईला खोक्यात घालून घेऊन आला.

"दादा, हे बघ काय आणलंय."

"काय आहे?"

"रूळ आहे. मशीन याच्यावरून पळतं. हात हलला तरी मशीन हलत नाही."

"म्हणजे म्हातारपणाची काठी म्हण की सरळ."

"काठी कसली? परवाच एका मोठ्या कारखान्यात गेलो होतो, तिथे सगळी तरणीताठी पोरं हेच वापरतात."

तो कारखाना कुठे होता ते देव जाणे. दादानं मला उचललं, एक डोळा मिटून माझ्या कडेवरून लांबवर पाहिलं. सुतार असंच बघतात, वाकडं असेल तर तिथेच कळतं. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "सरळ आहे." इतकंच. पण दादानं सरळ म्हटलं म्हणजे झालंच.

मग पहिला काप झाला. तो मी विसरणार नाही. कारखान्यातून येते तेव्हा माझी रबराची कड गरजेपेक्षा थोडी रुंद असते. मशीनबाई पहिल्यांदा माझ्यावरून धावते तेव्हा तिचं पातं ते जास्तीचं रबर उडवून टाकतं. त्यानंतर माझी कड जिथे संपते, नेमकं तिथूनच तिचा दात जातो. म्हणजे सुतारानं दोन्ही टोकांना पेन्सिलीची एकेक बारीक खूण करायची, माझी कड त्या दोन खुणांना टेकवायची, आणि मशीन ढकलायचं. मी बसते ती हव्या त्या तुकड्यावर. नको तो तुकडा पलीकडे पडतो. मोजायला नको, अंदाज नको. शिवाय माझं रबर पात्याच्या अगदी लगत लाकूड दाबून धरतं, म्हणून वरचे तंतू उचकटत नाहीत आणि कड साफ निघते. रबराचा तो काळा दोरा खाली पडला तेव्हा मला जरा दुखलंच. पण दादानं कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, मग वहिनींना हाक मारली आणि त्यांनाही फिरवायला लावला.

"गुळगुळीत आहे हो," वहिनी म्हणाल्या. "सुरीनं कापलेल्या साबणासारखं."

दादा लाजला. इतका मोठा माणूस, पण लाजला.

त्यानंतरचे दिवस माझे सगळ्यात सुखाचे. दादाचा हात थरथरतच होता, पण आता त्यानं काही बिघडत नव्हतं. खूण करण्यापुरता हात लागायचा. त्यासाठीही त्यानं युक्ती काढली होती. मनगट फळीवर टेकवायचं, करंगळीचा आधार घ्यायचा, श्वास सोडायचा आणि थरथर जरा ओसरली की टिचकीसारखी खूण करून पेन्सिल उचलायची. ती खूण इतकी नेमकी असायची की माझा जीव सुखावायचा. पुढचं आम्ही दोघी सांभाळायचो. त्या काळात दादानं कपाटं केली, दारं केली, एका संगीत शिक्षिकेसाठी वाद्यांच्या खोलीची अख्खी भिंत केली. कामात असला की तो तोंडातल्या तोंडात गुणगुणायचा. कप पुन्हा एका हातानं धरायला लागला. वाजला तर वाजू दे म्हणायचा.

नवीन कुणी मदतीला आलं की दादा त्याला माझ्याजवळ आणायचा. "मोजण्यात माणूस चुकतो," तो सांगायचा. "ही चुकत नाही. शंका आली तर आधी स्वतःवर घ्यायची, हिच्यावर नाही." मला तेव्हा केवढा अभिमान वाटायचा! आज ते शब्द आठवले की नको वाटतं. माणसानं कुठल्याही वस्तूवर इतका विश्वास टाकू नये, असं मला आता वाटतं.

एकदा दादाला ताप आला आणि तो घरी झोपून होता. त्याच आठवड्यात धाकट्याकडे एक काम आलं. कुठलंसं जुनं घर पाडलं होतं, त्याच्या दारांच्या फळ्या कापून शेल्फ करायचे होते. जुनं लाकूड, वर रंगाचे थरावर थर, आत मोडलेले खिळे. धाकट्यानं मला भिंतीवरून काढलं, मशीनबाईला काढलं आणि थबकला. पातं दादाचं होतं. दादा त्याला जिवापाड जपायचा, धार लावायला दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे.

"खिळा लागला तर दात जाईल," धाकटा स्वतःशीच म्हणाला. "दादा आल्यावर काय तोंड दाखवू?"

म्हणून त्यानं दादाचं पातं काढून फडक्यात गुंडाळून ठेवलं आणि पुढच्या गल्लीतल्या फर्निचरवाल्याकडून एक जुनं पातं मागून आणलं. त्याचे दात जाड होते, दोन्ही बाजूंना पसरलेले. भावाच्या वस्तूची त्यानं काळजी घेतली, यात त्याचं काय चुकलं? माझं रबर मात्र त्याच्या डोक्यातच आलं नाही.

मशीनबाई सुरू झाली. तो जाड दात माझ्या कडेला भिडला आणि रबराची एक बारीक सळी सोलून निघाली. पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी ओरडले असते, पण मशीनबाईच्या आवाजात माझं कोण ऐकणार, आणि मला आवाज तरी कुठे आहे? ती काळी सळी भुशात पडली. धाकट्यानं फुंकर मारून भुसा उडवला, सगळ्या फळ्या कापल्या, मग दादाचं पातं पुसून पुन्हा बसवलं आणि मला पूर्वीसारखं टांगून ठेवलं.

बघायला मी पूर्वीसारखीच होते. कड सरळ, काप ताजा. फक्त आता माझी कड आणि दादाच्या पात्याचा दात यांच्यामध्ये थोडी फट पडली होती. डोळ्याला दिसू नये इतकी, पण दादाला पुरेल इतकी.

दादा बरा होऊन आला आणि आल्या आल्या त्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंचं काम मिळालं. दवाखान्याची एक भिंत भरून कपाट, पांढरं लॅमिनेट, एकाला लागून एक पल्ले, म्हणजे कपाटाची दारं. अशा कामात लपवायला जागा नसते. दोन पल्ल्यांमधली फट सगळीकडे सारखी हवी.

दादानं खुणा केल्या, नेहमीसारख्या, मनगट टेकवून, श्वास सोडून. खुणा बरोबर होत्या. मी त्यांच्या अंगाला अंग लावून बसले होते, मला ठाऊक आहे. मशीनबाई धावली. दात माझ्या कडेला न चिकटता जरा पलीकडून गेला. पल्ला केसभर मोठा राहिला आणि रबराचा दाब नसल्यामुळे लॅमिनेटची कड बारीक बारीक उडाली.

दादानं कड पाहिली. कपाळाला आठी पडली. पातं बोथट झालं असेल म्हणून स्वतः बसून धार लावली. तरी तेच. मग त्यानं कडा कशाबशा सारख्या केल्या आणि पल्ले दवाखान्यात नेले. तिथे एकेक करत बसवताना प्रत्येक पल्ल्याचा तो केसभर फरक साचत गेला आणि शेवटचा पल्ला बसेचना.

हे मी पाहिलेलं नाही. दादानं दुकानात येऊन वहिनींना सांगितलं तेव्हा ऐकलं. डॉक्टरीणबाई वाईट नव्हत्या. हसत म्हणाल्या होत्या, "काका, दात काढायचं काम माझं. तुम्ही कपाटाला कसले दात काढलेत हे?" त्या विनोदानं म्हणाल्या आणि दादाही तिथे हसला. दुकानात येऊन मात्र बाकावर बसला तो उठेचना.

"पुन्हा करतो," शेवटी म्हणाला. "तू जरा दुसऱ्या टोकाला धर."

नवे प्लाय आणले. वहिनींनी पदर खोचला आणि माझं दुसरं टोक दाबून धरलं. दादानं एकेक खूण तीनतीनदा तपासली. घाम पुसला. चष्मा पुसला. इतक्या प्रेमानं मला आजवर कुणी कुठे टेकवलं नव्हतं. आणि मी पुन्हा त्याला फसवलं. मला सरळ जाता येतं, पण माझी कड जो पत्ता दाखवते तोच मी सांगणार. तो चुकीचा आहे, हे मला सांगता येत नाही.

दादानं स्टीलच्या पट्टीनं मोजलं. पुन्हा मोजलं. मग पेन्सिल कानावरून काढून हळूच मशीनबाईच्या डोक्यावर ठेवली.

"हात गेला माझा," तो म्हणाला.

"असं काय बोलता? परत एकदा बघा ना."

"दोनदा बघितलं. किती वेळा बघू?"

मला त्याला गदागदा हलवावंसं वाटत होतं. अरे, थरथरणारा हात कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. एक पल्ला मोठा झाला असता, तर एक लहान झाला असता. इथे प्रत्येक पल्ला मोठाच, आणि सारखाच मोठा! अशी चूक हाताची नसते. एवढी साधी गोष्ट दादासारख्या माणसाला एरवी क्षणात कळली असती. पण ज्या गोष्टीची माणूस वर्षानुवर्षं धास्ती घेतो, ती समोर आल्यासारखी वाटली की तो तपासत बसत नाही. मान खाली घालतो.

धाकटा त्या दिवशी दुसऱ्या कामावर होता. आल्यावर त्यानं दादाचा चेहरा पाहिला आणि लगेच म्हणाला, "अरे दादा, प्लायच फुगलेला होता! गोदामात ओल आहे त्या माणसाच्या. मी त्याला झापतो उद्या."

प्लाय कोरडा खडखडीत होता. दोघांनाही ते ठाऊक होतं. धाकट्यानं दवाखान्याचं काम रंध्यानं घासून घासून पुरं केलं, आणि दादा दुसऱ्या दिवसापासून दुकानात आला नाही.

मग माझे वाईट दिवस आले. धाकट्याला माझी फारशी गरज नव्हती, त्याचा हात तरुण होता. मी खिळ्याला लटकून धूळ खात राहिले. वहिनी कधी डबा द्यायला आल्या की इस्त्रीवालीशी बोलायच्या, ते कानावर पडायचं. दादा घरात बसून असायचा. खुर्चीचा स्क्रू ढिला झाला तर स्वतः हात लावत नसे, वहिनींना सांगायचा. दारांच्या फटींकडे बघणं त्यानं सोडलं होतं. "कुणाकडे गेलो तरी आता सरळ आत जाऊन बसतात," वहिनी सांगत होत्या. "मला ते बघवत नाही गं." आणि रिकाम्या हाताची थरथर वाढत गेली. काम असतं तेव्हा हाताला निदान मनगट टेकवायला जागा असते.

बऱ्याच महिन्यांनी धाकट्याला एका वाचनालयाचं मोठं काम मिळालं. लांबच लांब फळ्या. त्यानं मला उतरवलं, ओल्या फडक्यानं पुसलं. पहिली फळी कापली, मोजली. केसभर मोठी. त्यानं दुसरी कापली. तेवढीच मोठी. तिसरी. तेवढीच. त्यानं कडेवर बोट फिरवलं तर तंतू उचकटलेले.

धाकट्याचा हात थरथरत नव्हता. म्हणून त्यानं स्वतःवर शंका घेतली नाही, माझ्यावर घेतली. त्यानं मशीनबाईची वायर काढली, तिला माझ्यावर बसवून पातं हातानंच खाली आणलं आणि वाकून पाहिलं. दात आणि रबर यांच्यामधून उजेड दिसत होता.

मग त्याला ते जाड पातं आठवलं असावं, कारण तो एकदम खाली भुशातच बसला. "दादा," असं काहीसं म्हणाला. मी त्याला रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आणि मग त्यानं ती गोष्ट केली, जिचं मला आजही वाईट वाटतं. त्यानं माझी रबराची कड नखानं उचकटून टरटर सोलून काढली. शरमेनं, रागानं, काय म्हणा ते. तिचा गोळा केला आणि भुशाच्या पोत्यात कोंबला. डोळ्यांसमोर नको झाली असेल त्याला. दुसऱ्या दिवशी भुसा नेणारी बाई आली आणि चुलीसाठी पोतं घेऊन गेली. धाकट्यानं नवीन रबर आणून मला लावलं, दादाच्या पात्याखाली पहिला काप दिला, आणि मी पुन्हा खरी झाले. वाचनालयाच्या फळ्या आरशासारख्या निघाल्या.

दादाला सांगायला धाकट्याला बरेच दिवस लागले. रोज ठरवायचा आणि रोज शब्द गिळायचा. शेवटी एका सकाळी तो दादाला आणि वहिनींना दुकानात घेऊन आला.

दादानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. उजवा हात खिशात. तो आत येऊन बाकावर बसला आणि त्यानं कुठेच पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.

"दादा, तुझा हात चुकला नव्हता," धाकटा घाईघाईनं म्हणाला. "माझ्यामुळे झालं सगळं." आणि त्यानं सगळं सांगितलं. ताप, जुनी दारं, मागून आणलेलं पातं, सोललेलं रबर. काही लपवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो एकही शब्द इकडचा तिकडे न करता बोलत होता. मी साक्षीला होते.

दादाच्या चेहऱ्यावर हळूहळू एक हसू आलं.

"मागच्या वेळी प्लाय फुगला होता," दादा म्हणाला. "आता रबर झिजलं."

"नाही रे दादा, शपथ घेऊन सांगतो. ते तेव्हा मी उगाच बोललो होतो. हे खरं आहे. चूक एकाच बाजूला होत होती, आठव ना! प्रत्येक पल्ला मोठाच होता!"

"हाताला सवय लागते तशी चुकीलाही लागते, छोट्या. मला माझा हात ठाऊक आहे."

"अहो, खरं सांगताहेत भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

"तूही सामील झालीस का यात?" दादा मायेनं म्हणाला.

"थांब, तुला दाखवतोच," धाकटा म्हणाला आणि कोपऱ्यातल्या पोत्याकडे धावला. पोतं नवीन होतं. त्याला ते ठाऊकच होतं, तरी त्यानं ते जमिनीवर उपडं केलं आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी भुसा उकरायला लागला. नुसता भुसा. त्याच्या केसांत भुसा, पापण्यांवर भुसा. "होतं इथे. मीच टाकलं. दादा, देवाशपथ होतं."

दादा उठला. खिशातला हात बाहेर काढला आणि धाकट्याच्या डोक्यावर ठेवला. तो हात इतका थरथरत होता की धाकट्याच्या केसांतला भुसा झडत होता.

"ऊठ. माझ्यासाठी किती करशील रे? लहानपणापासून असाच आहेस. कुणाला वाईट वाटलेलं तुला बघवत नाही."

"दादा, मी खोटं बोलत नाहीये."

"बरं. नाही बोलत." आणि तो माझ्याजवळ आला. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा. त्यानं माझ्या कडेवरून, त्या नव्या रबरावरून अंगठा फिरवला. वाचनालयाची एक फळी शेजारीच उभी होती, तिच्या कडेवरूनही फिरवला. मग धाकट्याकडे वळून म्हणाला, "बघ बरं. पट्टी तर अगदी ठीक आहे."

तो तसं म्हणाला आणि त्याचा जीव हलका झाल्यासारखा दिसला. त्याला उत्तर मिळालं होतं. ते चुकीचं होतं, आणि ते त्याला माझ्याकडूनच मिळालं होतं.

धाकटा त्याला घरी सोडायला गेला. रस्ता ओलांडताना दादानं स्वतःहून त्याचा हात धरला. दुकानाच्या दारातून मला ते दिसलं. वहिनी मागे राहिल्या होत्या. त्यांनी जमिनीवरचा भुसा गोळा केला, पोत्यात भरला आणि पदरानं डोळे पुसत निघून गेल्या.

आता मी रोज काम करते. धाकटा फार बोलत नाही आजकाल. गिऱ्हाइकांनासुद्धा काम कधी होईल ते खरंखरं सांगतो, आणि काही जण नाराज होऊन जातात. पातं बदललं की तो आधी वाकून माझ्या कडेतून उजेड दिसतो का ते बघतो. मशीनबाईचे बेअरिंग आवाज करायला लागलेत, माझ्या पोटाखालचा फोमही विरलाय. आमच्यानंतर दुसऱ्या येतील. त्याचं मला काही नाही.

माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या घरात कुणाचा हात थरथरत असेल, कुणाचा डोळा अधू झाला असेल, आणि त्याच्या हातून एखादं काम बिघडलं, तर लगेच त्याच्यावर खापर फोडू नका. त्यानं स्वतः फोडलं तरी फोडू देऊ नका. आधी त्याच्या हातातली वस्तू तपासा. उजेडात धरा. आमच्यात खोट असते, पण आम्हाला ती सांगता येत नाही. आणि खोट सापडली तर ती फेकू नका. ताबडतोब उचला आणि धावत जाऊन त्या माणसाच्या हातावर ठेवा, तो अजून विश्वास ठेवायच्या मनःस्थितीत आहे तोवर.

दादाच्या सगळ्या खुणा बरोबर होत्या. शेवटची खूणसुद्धा. मी तिला टेकून बसले होते, म्हणून सांगते.